फूट की मीटर, गुंठा की आर? मोजमाप बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करतो. अर्धा दिवस कागदावर मिलिमीटरमध्ये जातो, उरलेला अर्धा साइटवर फूट-इंचात. घर बांधणारे, जमीन घेणारे, शेती करणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येत असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. भारतात मेट्रिक पद्धत आधीच लागू आहे ना? मग हा वाद कसला?

लागू आहे आणि जुनी आहे. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. वजन-मापांचा कायदा १९५६चा. १ ऑक्टोबर १९५८पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने बाजारात आले आणि १९६२पर्यंत शेर-मण अधिकृत व्यवहारातून गेले. आज २००९चा वैध मापन कायदा चालतो. तो १ एप्रिल २०११पासून अमलात आहे.

वाद उरला तो दोन जागी, जमीन आणि घर. भाजी किलोने, दूध लिटरने, कापड मीटरने घेणारा माणूस प्लॉट गुंठ्यात घेतो, फ्लॅट चौरस फुटात आणि वाळू ब्रासमध्ये. आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च आपण ज्या मापाने करतो, ते माप बहुतेक सरकारी कागदांवर नसतं. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

२. शेर-मण गेले, मग फूट-इंच का गेले नाहीत?

वजन हे दुकानदाराच्या हातातलं साधन होतं. लोखंडी वजनांवर सरकारी शिक्का लागतो आणि तपासणी होते. जुनी वजनं बाद झाली आणि नवी घ्यावी लागली, तसा शेर गेला. टेपचं तसं नाही. आजही दुकानातला बहुतेक कोणताही टेप उघडा: एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. मिस्त्रीने नेहमीची कड वाचली की काम भागतं, बदलायची वेळच येत नाही.

दुसरं कारण दराचं. ७,००० रुपये चौरस फूट हा दर चौरस मीटरला सुमारे ७५,३०० होतो. किंमत तीच, पण आकडा ऐकून गिऱ्हाईक दचकतं. फुटाचा दर विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, आणि घेणाऱ्यालाही तोच कानाला गोड लागतो.

३. सगळ्यात आधी कोणते आकडे पाठ करू?

हे पुरेत. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचं हेक्टर, आणि एका हेक्टरात २.४७१ एकर.

इंचाचा आकडा काटेकोर आहे, त्यात 'सुमारे' नाही. बाकीचे त्यातूनच निघतात.

४. फूट-इंचात काय वाईट आहे? पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिलीच ना?

राहिली, आणि उत्तम राहिली. फुटाची एक खरी सोय मान्य करायला हवी: बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सरळ भाग पडतात. फुटाचा तिसरा हिस्सा चार इंच, झालं. मीटरचा तिसरा हिस्सा ३३.३३ करत बसतो.

पण बांधकामातल्या मेट्रिक मापांनी यावर उपाय काढलेला आहे. तिथे १,००० ऐवजी ३००, ६००, १,२०० मिलिमीटर असे आकडे वापरतात. १,२००चे तीन भाग करा, चार करा, सहा करा, सगळे पूर्णांकात येतात.

खरी अडचण इंचाच्या खाली आहे. मिस्त्री सांगतो, "तीन फूट सात इंच दोन सूत." इंचाचे आठ सूत. आता यातून दोन चौकटींची जाडी वजा करा आणि उरलेल्याचे पाच भाग करा. आठाचे, बाराचे आणि दहाचे पाढे एकाच वेळी मांडावे लागतात. ९२, ९५ आणि १,०९८ मिलिमीटर यांची वजाबाकी चौथीतलं पोरही करतं. चुका मोजताना कमी होतात, हिशेब करताना जास्त होतात.

५. मग तुमचं मत काय, बदलावं की नाही?

बदलावं. पण कामाच्या अधेमधे नाही. एक काम सुरू झालं की ते संपेपर्यंत एकच माप. आजवर साइटवर पाहिलेलं नुकसान फुटामुळेही झालं नाही आणि मीटरमुळेही नाही. ते झालं एकातून दुसऱ्यात जाताना. नकाशा मीटरमध्ये, खिडकीची ऑर्डर फुटात, गवंड्याची दोरी इंचात. प्रत्येक वळणावर कुणीतरी 'जवळपास' करतं आणि ते जवळपास साठत जातं.

नव्या कामाची सुरुवात मेट्रिकने करा. चालू काम ज्या मापात आहे त्यातच पुरं करा.

६. १.२ मीटर म्हणजे चार फूटच ना? एवढ्या फरकाने काय बिघडतं?

चार फूट म्हणजे १,२१९ मिलिमीटर. फरक १९ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण इंच. भिंतीत तो दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या खिडकीत दिसतो.

एका घरात माझ्या नकाशावर खिडकी १,२०० होती. गवंड्याने चार फुटांची पोकळी सोडली, फ्रेमवाल्याने नकाशा वाचून १,२०० ची फ्रेम आणली. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. पाऊण इंचाची फट सिमेंटने भरली, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच भरावाच्या कडेने पाणी आत आलं. चूक माझी होती, कारण गवंड्याला चार फूट चालतील असं तोंडी मीच सांगितलं होतं. तेव्हापासून पोकळीचं माप मी भिंतीवर खडूने लिहून देतो, आणि तेही मिलिमीटरमध्येच.

७. सेंटीमीटर वापरू की मिलिमीटर?

बांधकामात आणि सुतारकामात मिलिमीटर. ऑस्ट्रेलियाने १९७०च्या दशकात मापं बदलली तेव्हा तिथल्या बांधकाम व्यवसायाने हाच निर्णय घेतला: नकाशावर मिलिमीटर आणि मीटर, सेंटीमीटर नाही. मिलिमीटरमध्ये टिंब लागत नाही, आणि टिंब नसेल तर ते चुकीच्या जागी पडत नाही. २,४४० हा आकडा कुणीही वाचला तरी तोच राहतो. २४४, २४.४, २.४४ यांत मात्र कोण काय समजेल सांगता येत नाही.

सेंटीमीटर शिवणकामाला, उंचीला, शाळेच्या वहीला ठीक.

८. खोलीचं माप १०.६ × १२.३ लिहिलंय. हे फूट-इंच आहेत की दशांश फूट?

ज्याने लिहिलं त्यालाच विचारा, कारण दोन्ही असू शकतं. आपल्याकडे दहा फूट सहा इंच सर्रास '१०.६' असं लिहितात. दशांशात सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे १०.५. बारा फूट तीन इंच म्हणजे १२.२५.

हिशेब पाहा. खरं क्षेत्रफळ १०.५ × १२.२५ = १२८.६ चौरस फूट. कॅल्क्युलेटरवर १०.६ × १२.३ मारलं तर १३०.४. एका खोलीत पावणेदोन चौरस फूट वाढले, आणि फरशी, रंग, मजुरी सगळं त्यावर चढलं. दहा इंचाला तर '.१०' लिहितात, आणि कॅल्क्युलेटर त्याला एक दशांश समजतो.

फुटातच लिहायचं असेल तर '१० फूट ६ इंच' असं पूर्ण लिहा. टिंब वापरू नका.

९. दोन बाय दोनच्या टाइल हिशेबाने आणल्या तरी कमी का पडतात?

कारण ती टाइल दोन फुटांची नसते. ती ६०० × ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६. एका टाइलखाली ४ चौरस फूट धरतात, प्रत्यक्षात ३.८७५ भरतात.

दहा बाय बाराची खोली घ्या. १२० भागिले ४, तीस टाइल. आता जमिनीवर मांडा. लांबी ३,६५८ मिलिमीटर, त्यात सहा टाइल बसतात ३,६०० पर्यंत. रुंदी ३,०४८, त्यात पाच बसतात ३,००० पर्यंत. तीस टाइल संपल्या आणि दोन भिंतींच्या कडेला पाच-सहा सेंटीमीटरची पट्टी उघडी राहिली. सांध्यांची जागा धरली तर थोडी कमी, पण राहतेच. ती भरायला आणखी दोन टाइल कापाव्या लागतात, आणि कापताना एखादी फुटते. मग पुन्हा दुकानात जावं लागतं, आणि नंतर आणलेल्या टाइलची छटा पहिलीशी जुळेलच असं नाही.

म्हणून खोलीचं माप गिलाव्यानंतर घ्या, मिलिमीटरमध्ये घ्या आणि टाइल ओळींनी मोजा. दुकानात 'दोन बाय दोन' म्हणायला हरकत नाही, ते आता तिचं नाव झालंय. हिशेब मात्र ६०० चा करा.

१०. नावाला इंच पण प्रत्यक्षात वेगळं, अशा आणखी कोणत्या वस्तू आहेत?

बऱ्याच. अर्ध्या इंचाचा पाइप मोजून बघा: बाहेरचा व्यासही अर्धा इंच नाही, आतलाही नाही. ते केवळ नाव आहे. नळ आणि पाइप जुळायला नाव सारखं असलं की पुरतं, माप काढायची गरज नाही.

प्लायवुडची लांबी-रुंदी फुटात (आठ बाय चार) आणि जाडी मिलिमीटरमध्ये (१२, १८). गाडीच्या टायरवर १६५/८० आर १४ असं असतं: रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात. टीव्ही जगभर इंचात. उडत्या विमानाची उंची फुटात. जगाने जिथे एक नाव धरून ठेवलंय तिथे आपण एकट्याने झगडण्यात अर्थ नाही.

सळईची गोष्ट मात्र वेगळी आहे, पुढचा प्रश्न पाहा.

११. आमचे मिस्त्री 'चार सूत सळई' म्हणतात. १२ एमएम तीच का?

जवळची आहे, तीच नाही. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आज बाजारात मिळते ती १२. ऐकायला पाऊण मिलिमीटर कमी, पण ताकद आणि वजन व्यासाच्या वर्गावर जातं. मीटरमागे वजन काढायचं सूत्र: व्यास गुणिले व्यास भागिले १६२. बाराला ०.८८९ किलो येतं, १२.७ ला ०.९९६. फरक सुमारे १२ टक्क्यांचा.

मिस्त्रीने सुताच्या सवयीने सळ्यांची संख्या सांगितली तर ती नकाशाशी ताडून घ्या. नकाशातलं डिझाइन १२ मिलिमीटरवर केलेलं असतं. उलट, तीन सूत (९.५) च्या जागी आज १० येते, तिथे थोडी जास्तच मिळते. बारा मीटरची १२ एमएम सळई १०.६७ किलोच्या आसपास भरायला हवी. काट्यावर खूप कमी भरली तर दुकानदाराला विचारा.

१२. ब्रास म्हणजे नेमकं किती? एक म्हणतो घनफूट, दुसरा चौरस फूट.

दोघंही बरोबर आहेत. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. गिलावा आणि फरशीच्या मजुरीचा ब्रास १०० चौरस फुटांचा. शब्द एक, मापं दोन. नवख्या माणसाची फसगत होते ती इथेच.

ट्रॉली आल्यावर आतून मोजा: १० फूट लांब, ५ रुंद, आणि माल २ फूट उंच भरला असेल तर बरोबर एक ब्रास. मोजण्याआधी ढीग सपाट करून घ्या, मधला उंचवटा धरू नका. इथे मी फुटाला विरोध करत नाही, कारण गौण खनिजाची रॉयल्टीदेखील ब्रासवरच आकारली जाते. कायदा मेट्रिक सांगतो आणि पावती ब्रासची फाटते, हे बदलायला हवं. ते सरकारने आधी करावं, ट्रॉलीवाल्याने नंतर.

तयार काँक्रीट मात्र घनमीटरमध्ये येतं. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे ४१७ घनफूट, सुमारे ११.८ घनमीटर. हा हिशेब आदल्या रात्रीच करून ठेवा. पंप सुरू झाल्यावर भागाकार करत बसू नका.

१३. सातबाऱ्यावर ०.४०.०० आहे. म्हणजे एक एकर ना?

नाही. हा आकडा हेक्टर, आर, चौरस मीटर असा वाचायचा. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकर ४,०४६.८६ चौरस मीटरचा. जवळजवळ ४७ चौरस मीटर कमी, म्हणजे ५०४ चौरस फूट. ज्या गावात गुंठा पाच लाखाला जातो तिथे ही सव्वादोन लाखांहून जास्त रकमेची जागा झाली.

गावाकडे 'आर म्हणजेच गुंठा' असं सरसकट बोलतात. एक-दोन गुंठ्यांत ते खपून जातं. एकरात खपत नाही.

१४. जुन्या उताऱ्यावर १-२० आणि नव्यावर ०.६०. आमची जमीन अर्धी झाली का?

झाली नाही, घाबरू नका. जुने आकडे एकर-गुंठ्यांचे आहेत. १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. (तो एक पूर्णांक दोन दशांश एकर नव्हे, प्रश्न ८ मधलाच घोटाळा इथेही होतो.) दीड एकर म्हणजे ६,०७० चौरस मीटर, नव्या भाषेत ०.६०.७०.

आता नव्या उताऱ्यावर नेमकं काय आहे ते पाहा. ०.६०.७० असेल तर सगळं ठीक. ०.६०.०० असेल तर वरचे ७० चौरस मीटर रूपांतर करताना पूर्णांकात गेले असू शकतात, किंवा मोजणीत क्षेत्रच तेवढं निघालं असेल. जुना उतारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय हे कळत नाही. लेखनातली चूक निघाली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५५खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

भावकीत वाटणी करायची असेल तर सगळ्यांनी चौरस मीटरमध्येच बोला. गुंठे-आणे धरून बांध हलवलेले मी पाहिले आहेत, आणि नंतर तुटलेली नाती परत जुळलेली फारशी पाहिली नाहीत.

१५. प्लॉटवाला म्हणतो, "आमच्याकडे गुंठा हजार फुटांचा." हे चालतं का?

गुंठा १,०८९ चौरस फुटांचाच. काही ठिकाणी हजाराचा गुंठा सांगून विकतात, त्यात ८९ फूट तुमचे जातात. खरेदीखतात 'गुंठा' हा शब्द मुख्य माप म्हणून येऊ देऊ नका. क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि चारही बाजूंची लांबी मीटरमध्ये लिहून घ्या. बाजू लिहिल्या असतील तर टेप घेऊन कुणीही पडताळू शकतं.

१६. फ्लॅटच्या करारात चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्ही आहेत, पण जुळत नाहीत. कोणतं धरू?

सहीआधी दुरुस्त करून घ्या, सहीनंतर तो वकिलाचा विषय होतो. चौरस मीटरचा आकडा घ्या आणि १०.७६४ने गुणा. ६० चौरस मीटर म्हणजे ६४५.८ चौरस फूट. कंसात ६५० लिहिलं असेल आणि दर ८,००० असेल, तर तेहतीस हजार रुपये हवेतल्या फुटांचे झाले.

मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी बाजारमूल्य दर चौरस मीटरवरच असतात. नकाशाची मंजुरीही मीटरमध्ये मिळते. म्हणून करारात चौरस मीटर मुख्य ठेवा आणि 'तफावत आढळल्यास चौरस मीटर ग्राह्य' हे वाक्य मागून घ्या. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) की बांधीव क्षेत्र (भिंती धरून), तेही त्याच ओळीत स्पष्ट हवं. त्या दोहोंतला फरक मापाच्या पद्धतीचा नाही, कशाचं माप घेतलं त्याचा आहे.

१७. फुटात दर सांगणं बेकायदा आहे का?

२००९च्या कायद्यानुसार व्यवहारातला दर, जाहिरात, बिल आणि दरपत्रक प्रमाणित, म्हणजे मेट्रिक एककांत असायला हवं. घरात बसून तुम्ही "आमचा हॉल वीस फुटी" म्हणालात तर त्याच्याशी कायद्याचं काही देणंघेणं नाही. दुकानात माप किंवा वजन कमी मिळालं तर राज्याच्या वैध मापन यंत्रणेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

१८. गोव्यात प्लॉटचा दर चौरस मीटरमध्ये कसा काय?

तिथे तोच रूढ आहे. पोर्तुगालने १८५२मध्ये मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि गोवा १९६१पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. सिंधुदुर्गात गुंठ्याने बोलणारा माणूस पत्रादेवी ओलांडून पेडण्यात गेला की मीटरने बोलतो. 'आपल्या लोकांना चौरस मीटर समजणारच नाही' असं मला जेव्हा सांगतात, तेव्हा मी गोव्याकडे बोट दाखवतो.

१९. शेतीत हेक्टरी शिफारस असते, आम्ही एकरात खत टाकतो. कसं करायचं?

हेक्टरी आकड्याला ०.४ने गुणा, एकरी आकडा मिळतो. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची असेल तर एकरी ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. म्हणजे एकरी दोन गोण्या.

हेक्टरी आकडा तसाच एकरात टाकला तर अडीचपट खत पडतं. पैसा जातो आणि पीकही जातं. तणनाशकात ही चूक आणखी महाग पडते. कागदावर 'हे.' आहे की 'ए.', ते दोनदा वाचा.

२०. आजीच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या, असं घरात बोलतात. आज किती ग्रॅम?

कोणता तोळा, यावर आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा: बारा मासे, आणि माशाला आठ गुंजा. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. पाच जुने तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम, पाच नवे म्हणजे ५०.

एका घरात तीन बहिणींमध्ये वाटणी होती. जुन्या वहीत आजोबांच्या अक्षरात 'पाटल्या, तोळे ५' होतं. काट्यावर ५७ ग्रॅमच्या वर भरल्या. एक बहीण म्हणाली, वहीपेक्षा सात ग्रॅम जास्त कसे, काहीतरी बदललंय. काहीच बदललं नव्हतं, उलट वर्षानुवर्षांच्या वापराने थोड्या झिजल्या होत्या. दागिन्यांची यादी करताना तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा, आणि शेजारी वजन केल्याची तारीख टाका.

२१. मण, खंडी, पायली हे आता संपलेच का?

बोलण्यात आहेत, पण प्रत्येकाचा अर्थ गावागणिक वेगळा. जुना सरकारी मण ३७.३२ किलोचा, गुजरातेतला आज २० किलोचा. कापसाच्या बाजारात रुईचा भाव अजून खंडीवर निघतो आणि ती खंडी ३५५.६ किलोची. धान्याची खंडी वेगळी, ती वीस मणांची. पायली तर वजनाचं माप नाहीच, ती आकारमानाची. पायलीभर भात आणि पायलीभर ज्वारी काट्यावर सारखी भरणार नाही.

२२. मापं बदलली तर भाषा जाईल, अशी भीती वाटते.

मलाही या शब्दांची माया आहे, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण अनुभव काय सांगतो ते बघा. आणे जाऊन सहा दशकं उलटली, तरी 'सोळा आणे खरं' आपण म्हणतोच. शेर गेला, शेरास सव्वाशेर राहिला. रस्त्यावर किलोमीटर आले तरी तो मैलाचा दगडच.

नऊवारीचा वार म्हणजे यार्ड, ०.९१४४ मीटर. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. दुकानदार कापड मीटरवर फाडतो आणि साडीला नऊवारीच म्हणतो. सहावारी म्हणूनच साडेपाच मीटरच्या आसपास असते. व्यवहार एका मापात आणि बोलणं दुसऱ्यात, हे आपल्याला चांगलं जमतं. मी फक्त व्यवहाराबद्दल बोलतोय.

२३. ज्यांची ही पद्धत ते इंग्रज काय करतात?

ब्रिटनने १९६५मध्ये बदलायचं ठरवलं आणि अजून अर्ध्यावर आहे. सुट्ट्या मालालाही २०००पासून किलो सक्तीचे झाले. २००१मध्ये संडरलंडच्या एका फळविक्रेत्यावर पौंडात केळी विकल्याबद्दल खटला चालला आणि देशभर गाजला. रस्त्यावरच्या पाट्या अजून मैलात आहेत. २०२२मध्ये सरकारने पुन्हा जुनी मापं वाढवावीत का, असं लोकांना विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त जणांनी मेट्रिकची बाजू घेतली.

मिसळीची किंमत मोठी असते. १९८३मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानाचं इंधन हवेतच संपलं, कारण भरताना किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला होता. वैमानिकांनी ते इंजिनाशिवाय उतरवलं म्हणून माणसं वाचली. १९९९मध्ये नासाचं मंगळावर जाणारं यान अशाच घोटाळ्यात गेलं.

२४. मिस्त्री मीटर ऐकायलाच तयार नाही. काय करू?

त्याला उपदेश करू नका, त्याचं ज्ञान तुमच्यापेक्षा जास्त आहे. फक्त मिलिमीटरचे आकडे असलेला टेप साइटवर ठेवा, दुसरा ठेवूच नका. पहिल्या दिवशी कुरकुर होते. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या दिवशी "दादा, बाराशे की साडेबाराशे?" असा प्रश्न येतो. काटकोनाची तीन-चार-पाचची युक्ती फुटातही चालते आणि मीटरमध्येही, त्यामुळे आखणीत त्याला नवं काही शिकावं लागत नाही. ३,००० वर एक खूण, ४,००० वर दुसरी, आणि कर्ण ५,००० आला की गुण्या बरोबर.

२५. जुनं घर फुटात बांधलेलं आहे, त्याला नवी खोली जोडायची आहे. कोणतं माप घेऊ?

सगळ्यात अवघड प्रसंग हाच. जुन्या घराचं आहे तसं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि गोल करू नका. दहा फुटांची खोली ३,०४८ निघेल, गिलाव्यामुळे कदाचित ३,०२१. जे निघेल तेच लिहा. जुना नकाशा हाती असला तरी त्यावरून रूपांतर करू नका, भिंत मोजा.

मग भिंतीची जाडी. जुनी भिंत नऊ इंची विटेची, गिलाव्याशिवाय सुमारे २३० मिलिमीटर. नवी भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर २००. ते तीस मिलिमीटर कुठेतरी दिसणारच. बाहेरची बाजू एका रेषेत ठेवायची की आतली, हे पाया आखतानाच ठरवा आणि त्या बाजूने दोरी ताणा. बाहेर स्वच्छ रेषा हवी असेल तर आत तीस मिलिमीटरचा खाचा येतो, तिथे कपाट किंवा पडदा येईल अशी खोली मांडता येते. खालची फरशी टाकण्यापूर्वी दोन्ही खोल्यांची पातळीही मिलिमीटरमध्येच तपासा, कारण जुनी जमीन चारही कोपऱ्यांत सारखी क्वचितच असते.